जर्मन डिझाइन बघायला जाताय? आधी सांधे बघा

तुमचा प्रश्न वाचला. इंटिरिअरचा कोर्स झालाय, कामासाठी श्टुटगार्टला येताय, आणि जर्मन डिझाइन शोधलं की बाउहाउस ही शंभर वर्षांपूर्वीची प्रसिद्ध डिझाइन शाळा, करडा रंग आणि काटकोन एवढंच समोर येतं, तर आजचं असं नक्की काय बघायचं. मी म्युनिकजवळ बरीच वर्षं याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रंग आणि आकार सध्या बाजूला ठेवा. खुर्ची दिसली की वाकून खालून बघा, दोन भाग जिथं एकत्र येतात तिथं डिझायनरने काय केलंय ते बघा. आपल्याकडे सांधा झाकायची सवय, प्लायवर सनमायका, कडेला पट्टी, स्क्रूच्या डोक्यावर पुट्टी, आणि मग ते कपाट दुसऱ्या घरात हलवायची वेळ आली की मोडल्याशिवाय निघत नाही. इथल्या चांगल्या डिझायनर लोकांचं अर्धं डोकं त्या सांध्यातच गेलेलं असतं, आणि माझ्या मते इथून शिकून न्यायची खरी गोष्ट तीच.

सुरुवात जुन्यापासून करा, उल्म गावातल्या डिझाइन शाळेच्या स्टुलापासून. 1954 साली माक्स बिल, हान्स गुगेलोट आणि वर्कशॉप सांभाळणारे पाउल हिल्डिंगर यांनी ते तिथल्या विद्यार्थ्यांसाठी केलं, पैसा कमी होता म्हणून अगदी मोजक्या साहित्यात. स्प्रूस लाकडाच्या तीन फळ्या, दोन बाजूंना आणि एक वर, कोपऱ्यावर दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा दातेरी सांधा, खाली बीच लाकडाची गोल दांडी. ती दांडी दोन्ही बाजूंना धरून ठेवते आणि स्टूल उचलायची मूठही तीच. उभं ठेवलं तर एक उंची, आडवं केलं तर दुसरी, उलटं केलं तर पुस्तकं न्यायचा खोका. आपले डिझायनर सुधाकर नाडकर्णी साठच्या दशकात याच शाळेत शिकले आणि पुढे आयआयटी मुंबईतलं डिझाइनचं केंद्र, आयडीसी, उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा, म्हणजे हा धागा आपल्यापर्यंत आलेलाच आहे.

मोरमान नावाची बव्हेरियातल्या आशाउची फर्निचर कंपनी आहे, त्यांचं आक्सेल कुफुसने 1989 मध्ये केलेलं एफएनपी शेल्फ जरूर बघा. साध्या फळ्या, त्यांना खाचा, अॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या, बस. घर बदललं की सुटं करा, नव्या घरात परत उभं करा. आर्किटेक्टच्या ऑफिसात तुम्हाला आर्किटेक्ट एगोन आयरमानचं टेबलही हमखास भेटेल, 1953 चा स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वर तुम्हाला हवी ती फळी.

आता आजचा माणूस, डिझायनर श्टेफान डीत्स. जन्म 1971 चा, आधी सुतारकाम शिकला, मग काही काळ चक्क मुंबई-पुण्यात काम केलं, त्यानंतर श्टुटगार्टला डिझाइनचं शिक्षण. टोनेट या फर्निचर कंपनीसाठी त्याने 2007 च्या सुमारास केलेली 404 खुर्ची दुकानात उलटी करून बघा, वाकवलेल्या लाकडाचे पाय आणि पाठीचे दांडे सगळे सीटच्या खाली मधोमध येऊन मिळतात, आणि सीट नेमकी तिथंच जाड ठेवलीय कारण सगळा भार तिथं येतो. आणि मागिस कंपनीसाठी केलेला 2021 चा कॉस्ट्यूम सोफा तर मला फार महत्त्वाचा वाटतो. नेहमीच्या सोफ्यात लाकूड, फोम, कापड सगळं एकमेकांना चिकटवलेलं किंवा ठोकलेलं असतं, म्हणून तो शेवटी कचऱ्यातच जातो. याने खालचा सांगाडा रिसायकल केलेल्या पॉलिइथिलीनचा पोकळ केला, वर स्प्रिंग, मग फोमचा पातळ थर, आणि कव्हर इलॅस्टिकच्या फासांनी अडकवलेलं. कव्हर खराब झालं तर कव्हर बदला, बाकी सगळं तसंच. इथं सांधा नुसता दिसत नाही तर सुटतो, आणि सध्याच्या जर्मन डिझाइनचा जीव मला यात दिसतो.

डिझायनर कॉन्स्टान्टिन ग्रचिचचं नाव ऐकलं असेलच, तोही मुळात सुतारकाम शिकलेला, त्याची चेअर वन ही खुर्ची डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या अॅल्युमिनियमची. फक्त लक्षात ठेवा, ती मागिसची, आणि मागिस कंपनी इटलीची. डिझायनर जर्मन आणि कारखाना इटालियन हे इथं नेहमीचं, त्यामुळे फक्त जर्मन ब्रँड शोधत बसलात तर बरंच निसटेल.

आर्किटेक्चरमध्ये काचेचे टॉवर नंतर बघा, आधी बाड आयब्लिंगची तीन घरं. आर्किटेक्ट फ्लोरियान नागलर आणि म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटी यांचा ‘साधं बांधायचं’ हा संशोधन प्रकल्प, घरं 2020 मध्ये झाली. इथली नवीन भिंत म्हणजे थरावर थर, इन्सुलेशन, फॉइल, प्लास्टर, आणि प्रत्येक थराचे आपले नियम, त्यामुळे खर्च वाढतो आणि पुढे दुरुस्तीही अवघड. यांनी प्रत्येक घराची भिंत एकाच मटेरियलची केली, एक हलक्या काँक्रीटचं, साधारण 50 सेंटिमीटर जाड, एक लाकडाचं 30 सेंटिमीटरचं, एक विटांचं 42.5 चं. आणि खिडक्या बघा हं! काँक्रीटमध्ये सळ्या नाहीत म्हणून खिडकीवर अर्धगोल कमान, विटांच्या घराला चपटी कमान, लाकडाच्या घराला सरळ चौकट. सजावट म्हणून कुणी केलेलं नाही, मटेरियलला जे झेपतं तेच केलंय. फार देखणी घरं आहेत, आणि आपल्याकडे सळईशिवाय पान हलत नाही त्यामुळे मला तर ती परत परत बघावीशी वाटतात.

श्टुटगार्टला उतरल्यावर वाइसेनहोफची 1927 ची आधुनिक घरांची वसाहत शहरातच आहे, ती पहिल्या रविवारी करा. उल्म ट्रेनने तासाभरावर, शाळेची इमारत आणि आर्काइव्ह दोन्ही एकाच ठिकाणी. म्युनिकला पिनाकोथेक डेर मोडर्नमधलं डिझाइनचं संग्रहालय, तिथं घाई करू नका. वाइल आम ऱ्हाइनला व्हिट्रा या फर्निचर कंपनीच्या कॅम्पससाठी अख्खा दिवस ठेवा, गेहरी, झाहा हदीद, आंदो अशा मोठ्या आर्किटेक्टांच्या इमारती एका आवारात, आणि 2025 पासून आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या दोशींचं, शेवटचं कामही तिथंच आहे. बाड आयब्लिंगला म्युनिकहून रोझेनहाइमला गाडी बदलून जाता येतं, घरांत लोक राहतात म्हणून बाहेरूनच बघा, पण भिंतीची जाडी खिडकीच्या खोबणीत बाहेरूनही नीट कळते.