रॉयल एअर फोर्सचं ‘स्टेशन’: तळ की ठाणं?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर विमानात गनर (मशीनगन चालवणारा) असलेल्या एका तरुणाच्या पत्रांचा अनुवाद चालू आहे. ‘स्टेशन’ हा शब्द पानोपानी येतो. ‘रात्री उशिरा स्टेशनवर परतलो’ याचं ‘विमानतळावर परतलो’ करावं का? ‘स्थानक’ लिहिलं तर रेल्वेच डोळ्यांपुढे येते. आणि ‘एअरक्रू’ला, म्हणजे विमानातून उडणाऱ्या सगळ्यांना, सरसकट ‘वैमानिक’ म्हणावं का?

मी ‘विमानतळ’ लिहिणार नाही. विमानतळ म्हटलं की धावपट्टी आलीच, आणि स्टेशनला ती असतेच असं नाही. सफोकच्या किनाऱ्यावरचं बॉडसी घ्या. १९३७ पासून तिथं रडार होतं. ३६० फुटी पोलादी मनोरे होते, विमान उतरवायला जागा नव्हती. तरी ते आरएएफचं, म्हणजे रॉयल एअर फोर्स या ब्रिटिश हवाई दलाचं, स्टेशनच. स्टेशन म्हणजे नेमून दिलेली जागा, तिचा अधिकारी, त्याच्या हाताखालची माणसं, मेस, दवाखाना, गार्डरूम, असा सगळा संसार.

आरमारात हा शब्द जुना. ताफ्यानं राखायचा समुद्राचा पट्टा म्हणजे स्टेशन. १९१३ साली साउदॅम्प्टनजवळ कॅलशॉटला नौदलाचं एअर स्टेशन सुरू झालं, तिथली विमानं पाण्यावरूनच उडत. १ एप्रिल १९१८ ला नौदलाची आणि लष्कराची हवाई शाखा एक होऊन रॉयल एअर फोर्स झालं. नौदलाची एक रीत अनुवादकाला हमखास चकवते: जमिनीवरच्या स्टेशनलाही ते जहाजाचं नाव देतात. पहिल्या महायुद्धात क्रॅनवेलच्या हवाई ठिकाणावरची माणसं कागदोपत्री ‘एचएमएस डीडलस’ या जहाजाच्या पटावर होती, आणि आजूबाजूला लिंकनशरची शेतं. तेव्हा ‘डीडलसवर रुजू झालो’ असं वाचून त्या माणसाला बोटीत बसवू नका.

माझं मत ‘ठाणं’ या शब्दाला. संस्कृत ‘स्थान’चंच ते मराठी रूप, आणि ‘स्टेशन’च्या मुळाशी असलेला लॅटिन धातूही ‘स्था’चा सख्खा भाऊ. पोलीस स्टेशनला आपण पोलीस ठाणं म्हणतोच. मुलूख घेतला की मराठे ठाणं बसवत, म्हणजे माणसं नेमून अंमल सुरू करत. अर्थ नेमका तोच. ‘तळ’ मात्र आपण ठोकतो आणि उठवतो. शिवाय १९४३ पासून बॉम्बर कमांडमध्ये (आरएएफच्या बॉम्बर विमानांच्या विभागात) ‘बेस’ला वेगळा अर्थ आला: एक मुख्य स्टेशन आणि त्याच्या हाताखालची बाकीची, जसं ईस्ट कर्कबी मुख्य आणि स्पिल्सबी त्याच्याखाली. ‘तळ’ त्या ‘बेस’साठी राखून ठेवा, नाहीतर पुढे कुठेतरी दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतील आणि पंचाईत होईल.

ठाणे शहराशी घोटाळा होईल ही भीती नको. शहराला आपण ‘ठाण्याला’ जातो, चौकीवर असलेला माणूस ‘ठाण्यावर’ असतो. प्रत्ययच काम करतो. पहिल्यांदा ‘हवाई ठाणं’ लिहा, पुढे नुसतं ‘ठाणं’ पुरेल. भारतीय हवाई दलानं मात्र ‘स्टेशन’च ठेवलंय. लोहगावचं नाव आजही एअर फोर्स स्टेशन असंच आहे, म्हणून तुम्ही ‘स्टेशन’ ठेवलंत तरी मी त्याला चूक म्हणणार नाही.

‘वैमानिक’ मात्र नको. शब्दाची व्युत्पत्ती काही सांगो, आज वैमानिक म्हणजे विमान चालवणारा. लँकेस्टर या बॉम्बर विमानात सात जण असत, त्यांत पायलट एकच. गणवेशावरही फरक दिसे: पायलटच्या छातीवर दोन पंख, गनरच्या छातीवर एकच पंख आणि ‘एजी’ (एअर गनर) ही अक्षरं. तुमच्या पत्रलेखकाचा तो एक पंख अनुवादात हरवू नये. केबिन क्रूमुळे ‘क्रू’ सगळ्यांना कळतो, तोच ठेवा.

पत्रांत ‘क्रू-अप’ झाल्याचा उल्लेख येईलच. प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यांत पायलट, नॅव्हिगेटर, गनर, वायरलेसवाले अशा सगळ्यांना बऱ्याचदा एका हँगरमध्ये सोडत आणि आपापली माणसं आपणच निवडा म्हणून सांगत. हुकूम नाही, यादी नाही. म्हणून तिथं ‘माझी नेमणूक झाली’ लिहू नका. ‘आमचा क्रू जमला’ लिहा.