थ्रॉटल कंट्रोलर: पिकअप वाढतो की नुसता भास?

दुकानदाराने तुम्हाला सांगितलं की थ्रॉटल कंट्रोलरचा हा डबा बसवला की डिझेलचा टर्बो लॅग (पेडल दाबल्यावर जोर यायला लागणारा उशीर) जातो आणि इंजिनची ताकद वीसेक बीएचपीने वाढते, आणि हे खरं का असं तुम्ही विचारलंत. मलाही अगदी हेच ऐकवलं होतं, म्हणून जरा लांबड लावतोय. मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगतो.

पॉवर तसूभरही वाढत नाही. डबा अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) यांच्या मध्ये बसून सिग्नल फुगवतो. तुम्ही ३०% दाबलं की ईसीयूला ५०% वाटतं. पण पेडल तळाला टेकलं की १००% ते १००%च. गाडी सुरुवातीला चपळ वाटते हे खरं, मी नाकारत नाही. पण आमच्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तीच चपळाई धक्के देते. आणि टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर, त्याला पेडलच्या व्होल्टेजशी काय देणंघेणं? कसारा घाटात एक गिअर खाली टाका, जास्त फरक पडेल.

त्याच घाटात, ट्रकच्या मागे चढताना माझी गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे बिघाड दिसला म्हणून ईसीयूने ताकद कमी करून टाकली. पेडल कितीही दाबा, आरपीएम हलेना. पेडलचे दोन सिग्नल एकमेकांशी जुळले नाहीत की ईसीयू असंच करतो. स्कॅनरवर बिघाडाचा कोड होता पी२१३८. डब्याचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता, एवढंच.

खरा फटका पुढे बसला. सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर ‘बाहेरचे इलेक्ट्रिकल काम आढळले’ असं टाकलं. डबा मी तिथेच काढला. नंतर इंजेक्टरची (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) तक्रार घेऊन गेलो, तर तीच ओळ दाखवून वॉरंटी नाकारली. इंजेक्टरचा आणि पेडलच्या वायरचा संबंध काय, विचारलं. उत्तर नाही. नकार लेखी द्या म्हटलं, तर ‘सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही, सर’. मॅनेजर कायम मीटिंगमध्ये. कंपनीला मेल केला, तर त्यांनी सर्व्हिस सेंटरशीच बोला म्हणून कळवलं! शेवटी बिल मीच भरलं. डब्याच्या किमतीपुढे ते कितीतरी मोठं होतं.

म्हणून वॉरंटी चालू असेल तर माझ्या मते हात लावू नका. बसवायचाच हट्ट असेल तर वायर न कापता कनेक्टरवर बसणाराच घ्या आणि सर्व्हिसिंगला जाण्याआधी काढून ठेवा. जॉबकार्डवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. पटली नाही तर तिथेच शेजारी ‘मान्य नाही’ लिहा. (रीमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअरच बदलणं, हा वेगळा विषय. त्यात पॉवर खरंच वाढते, पण क्लच आणि वॉरंटी दोन्हींवर ताण.)

गाडीत स्पोर्ट मोड असेल तर तो आधी लावून बघा, बऱ्याच गाड्यांत तो पेडलच्या बाबतीत हेच काम फुकट करतो. एअर फिल्टर आणि इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) होज, म्हणजे रबरी पाइपही तपासून घ्या, होज चिरला की पिकअप असाच मरतो. आणि हो, जाड मॅट पेडलखाली अडकत नाही ना, तेही पाहा. हसू नका, पेडल पूर्ण दाबलंच जात नाही अशी गाडी मी पाहिलीये.

मॉडेल आणि किती किलोमीटर झालेत ते लिहा, मग पुढचं सांगतो.