न्यूयॉर्कचे जुन्या पुस्तकांचे डीलर जॉर्ज डी. स्मिथ आणि बेसबॉल पिचर जॉर्ज स्मिथ एकच का?

नाही, दोघं वेगळे, फक्त नाव सेम. गोंधळ होणं साहजिक आहे कारण 1916 ते 1919 च्या दरम्यान दोघंही न्यूयॉर्कमध्येच आपापल्या धंद्यात होते, एक दुर्मिळ पुस्तकांच्या लिलावात आणि दुसरा जायंट्स टीमकडून बॉल टाकत. पण वय बघितलं की विषय मिटतो. पुस्तकवाला 1870 चा, म्हणजे पिचर पहिल्यांदा मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च लीग) उतरला तेव्हा हा पंचेचाळिशी ओलांडलेला, आणि त्याआधीच 1911 मध्ये रॉबर्ट हो या संग्राहकाच्या पुस्तकांच्या लिलावात त्याने हेन्री हंटिंग्टन या श्रीमंत संग्राहकासाठी चर्मपत्रावर छापलेलं गुटेनबर्ग बायबल (युरोपातल्या छपाईच्या सुरुवातीच्या काळातलं प्रसिद्ध पुस्तक) 50,000 डॉलरला उचललं होतं (त्या काळात म्हणजे डोळे फिरवणारी रक्कम, ती प्रत आजही कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत आहे). तो 1920 मध्ये वारला, पिचर मात्र त्यानंतरही फिलाडेल्फियाकडून खेळत होता, त्याला 'कोलंबिया जॉर्ज' म्हणायचे.

फक्त एक, नुसतं 'जॉर्ज स्मिथ' सर्च करून भागणार नाही, 1960 च्या दशकात डेट्रॉइटकडून खेळलेला अजून एक जॉर्ज स्मिथ आहे आणि गिल्गमेश या प्राचीन मेसोपोटेमियन महाकाव्यातली महापुराची पाटी वाचणारा इंग्रज अभ्यासकही जॉर्ज स्मिथच, त्यामुळे मधला 'डी.' आणि साल दोन्ही टाकून शोधा.