नामजपाला नव्यानं बसणाऱ्या भावासाठी

भाऊ, पहिल्याच दिवशी अकरा माळा धरू नको. एकच धर, १०८ मण्यांची, पण रोज ठरल्या वेळी. वावरात जायच्या आधीची पहाट बरी. रात्री जेवून बसलं की डुलक्या येतात. माळ मधल्या बोटावर घे, अंगठ्यानं मणी ओढ, तर्जनी लागू देऊ नको. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलट फिरवायची.

मनातल्या मनात जपायची घाई नको. सुरुवातीला आपल्या कानाला ऐकू येईल एवढा आवाज ठेव. मन सटकलं की नाम भराभर, तुटक निघतं, अन् चूक लगेच कळते. चिडू नको, पुढच्या मण्यापासून धर.

माळ संपल्यावर दोन मिनिटं देवाशी साधं बोल. पऱ्हाटीवरची बोंडअळीसुद्धा सांग, त्यात लाज कसली! नुसत्या मागण्या केल्या तर मात्र जवळीक होत नाही.

सोयाबीन काढणीत खाडे पडणारच. ते भरायला दुसऱ्या दिवशी पाच माळा रेटल्या की कंटाळा येतो, मग सारंच सुटतं. गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथं बस. एकट्यानं न टिकणारा नेम चारचौघांत टिकतो.