वाचकांचे प्रश्न : माउंटन बाइकचा पुढचा फोर्क बदलताना

प्रश्न : माझ्याकडे बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेली, २६ इंची चाकांची आणि डिस्क ब्रेकची माउंटन बाइक आहे. रविवारी आम्ही मित्र हिप्परगा तलावाकडे आणि कधीमधी तुळजापूरच्या घाटापर्यंत जातो. वाटेत मुरमाचे रस्ते आणि माळरान असते. पुढच्या फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुपायी भागाच्या) नळ्यांवर गंज चढला असून खड्ड्यात तो नीट दाबलाही जात नाही. दुकानदार १२० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा), स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा एअर फोर्क सुचवतात. माझे वजन ८५ किलो आहे. कोणता फोर्क घ्यावा?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपला प्रश्न ट्रॅव्हलपासून सुरू होतो, माझी विनंती अशी की, ट्रॅव्हल आणि कंपनी या दोन्ही गोष्टी शेवटी ठेवाव्यात. फोर्क कितीही चांगला असला तरी तो आपल्या फ्रेममध्ये, चाकावर आणि ब्रेकवर बसला नाही, तर घेतलेली वस्तू परत पाठवण्याची वेळ येते.

आधी जुना फोर्क खरोखर बदलायलाच हवा का, हे तपासावे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी आणि नळी जिथे खालच्या पायात शिरते त्या सांध्यावर बोट ठेवावे. तिथे खडखड जाणवत असेल तर आतले बुश (नळीला आधार देणाऱ्या कड्या) झिजलेले आहेत. ती खडखड वर हेडसेटपाशी (हँडलखालच्या बेअरिंगपाशी) असेल, तर दोष फोर्कचा नसून हेडसेट सैल झाला आहे. सील (धूळ अडवणारी रबरी कडी) जिथून घासत जाते त्या भागावर गंजाचे खड्डे पडले असतील, तर नवे सील घालूनही उपयोग होत नाही, कारण तोच खरखरीत भाग नवे सीलही फाडतो. आपल्या वर्णनावरून ही वेळ आलेली दिसते.

आता मोजमाप. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे स्टिअरर, अर्थात फोर्कची फ्रेममधून वर हँडलपर्यंत जाणारी नळी. जुन्या सायकलींत ती वरपासून खालपर्यंत सरळ, म्हणजे २८.६ मिमी व्यासाची असते. आजचे बरेचसे चांगले फोर्क मात्र निमुळत्या स्टिअररचे असतात, ज्यांचा खालचा भाग दीड इंचाचा असतो. आपल्या हेडट्यूबचा (स्टिअरर जिच्यातून जातो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा) खालचा आतला व्यास ३४ मिमीच्या आसपास असेल, तर निमुळता स्टिअरर त्यात कोणत्याही उपायाने बसणार नाही. तो ४४ मिमी असेल, तर बाहेरून बसणारी खालची वाटी घालून काम होते. उलट, सरळ स्टिअररचा फोर्क मोठ्या हेडट्यूबमध्ये योग्य हेडसेट वापरून बसवता येतो. व्हर्नियर कॅलिपरने हे माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. वापरलेला फोर्क घेत असाल तर स्टिअररची लांबीही जुन्याशी ताडून पाहावी, कारण आधीच्या मालकाने ती कापलेली असते आणि आखूड झालेली नळी वाढवता येत नाही. नव्या फोर्कची नळी कापताना सुरुवातीला थोडी लांब ठेवून वर स्पेसर (जागा भरणाऱ्या कड्या) घालावेत. हँडलची उंची पटल्यावर उरलेली कापता येते.

चाकाच्या बाबतीत आपल्यापुढे खरी अडचण आहे, कारण २६ इंची चाकासाठीचे चांगले एअर फोर्क आता बाजारात फार कमी उरले आहेत. डिस्क ब्रेक असल्यामुळे २७.५ इंची फोर्कमध्ये २६ इंची चाक चालवता येते, मात्र पुढची बाजू थोडी उचलली जाते. (रिमवर दाबणारे ब्रेक असते तर हा मार्ग बंद होता, कारण त्यांचे पॅड रिमवर जुळलेच नसते.) हब (चाकाचा मधला भाग) ९ मिमी क्विक रिलीजचा (खटक्याने सुटणाऱ्या बारीक आसाचा) आणि १०० मिमी रुंदीचा असेल, तर फोर्कही तसाच पाहावा, १५ मिमी थ्रू-ॲक्सलचा (आरपार जाणाऱ्या जाड आसाचा) फोर्क अधिक ताठ असतो हे खरे, पण त्यासाठी हब किंवा अख्खे चाक बदलावे लागू शकते. ब्रेकच्या कॅलिपरसाठी (डिस्कला चिमटणाऱ्या भागासाठी) बहुधा एखादा अडॅप्टर पुरतो.

ट्रॅव्हलबाबत दुकानदारांशी मी सहमत नाही. आपली फ्रेम १०० मिमीसाठी बनलेली असेल, तर २० मिमी जास्त ट्रॅव्हलने हेडट्यूबचा कोन सुमारे एक अंशाने कलतो, चढावर पुढचे चाक भरकटू लागते आणि हेडट्यूबच्या वेल्डिंगवर जास्त ताण येतो. त्यातच फोर्क २७.५ इंची असेल, तर ही उंची आणखी वाढते. म्हणून अॅक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राउनपर्यंतची (फोर्कच्या वरच्या जोडापर्यंतची) लांबी जुन्या फोर्कशी ताडून पाहावी आणि गरज पडल्यास ८० मिमीचाच फोर्क घ्यावा. मुरमाच्या रस्त्यांना आणि आपल्याकडच्या माळांना १०० मिमीहून अधिकची गरज नाही.

एअर फोर्कचा सल्ला मात्र योग्य आहे. स्वस्त फोर्कमधली स्प्रिंग ठरावीक वजनासाठी असते, तर एअर फोर्कमध्ये आपल्या ८५ किलोंनुसार हवा भरता येते आणि वजनही बहुधा अर्धा किलो ते एक किलोने कमी होते. १०० मिमीच्या फोर्कवर नेहमीच्या पोशाखात आणि पाण्याच्या बाटलीसह स्थिर उभे राहिल्यावर तो सुमारे २० मिमी दबला पाहिजे. नळीवर घातलेली रबरी कडी सरकते, तिच्यावरून हे मोजता येते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायरला चिकटून फोर्कच्या कमानीत अडकतो, म्हणून टायर आणि कमान यांच्यात भरपूर मोकळी जागा आहे ना, हेही पाहावे. एवढ्या खर्चासाठी सायकलची फ्रेम आणि गिअर सुस्थितीत नसतील, तर जुन्या फोर्कच्या दबलेल्या लांबीशी जुळणारा साधा, न दबणारा फोर्क आणि थोडे रुंद टायर हाच मला अधिक शहाणपणाचा मार्ग वाटतो.

प्रश्न : एअर फोर्कमध्ये पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने हवा भरली तर चालेल का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : कृपया भरू नये. फोर्कमधील हवेची पोकळी इतकी लहान असते की कॉम्प्रेसरच्या एका झटक्यात दाब मर्यादेच्या पलीकडे जाऊन सील निकामी होऊ शकतात. त्यासाठी मीटर असलेला छोटा शॉक पंप मिळतो; तो फोर्कबरोबरच घ्यावा. दाब नेहमी सकाळी, सायकल सावलीत असताना तपासावा. २० अंशांवर भरलेली ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा ४० अंशांवर सुमारे ६ पीएसआयने वाढते, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात उभ्या केलेल्या सायकलीवर हा फरक हाताला जाणवण्याइतका असतो.