फाल्मथला जहाज लागतं म्हणजे गाव सावरलं असं नव्हे: मेलिसानंतर जमैकात एक दिवस

प्रश्न थोडक्यात असा: मायामीहून सात रात्रींची क्रूझ, त्यात एक दिवस जमैकातलं फाल्मथ. सोबत शाळकरी दोन मुलं आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. मेलिसा वादळानंतर तिथे उतरावं की जहाजावरच थांबावं, उतरलं तर काय करावं, आणि घरातले जुने कपडे वाटायला न्यावेत का?

उतरा. दिवस बंदरापासून अर्ध्या तासाच्या टप्प्यात ठेवा, सुट्टे पैसे न्या आणि कपडे घरीच राहू द्या. आता सविस्तर.

मेलिसा २८ ऑक्टोबर २०२५ ला जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, वेस्टमोरलंड पॅरिशमध्ये धडकलं (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा). पाचव्या श्रेणीचं वादळ, वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर. मार बसला तो मुख्यतः पश्चिमेला: वेस्टमोरलंड, सेंट एलिझाबेथ, माँटेगो बे ज्यात येतं तो सेंट जेम्स आणि फाल्मथचा ट्रेलॉनी. पूर्वेकडचं किंग्स्टन आणि उत्तर किनाऱ्यावरचं ओचो रिओस त्या मानाने वाचलं. त्यामुळे कुणी "जमैका सुरू झालंय" म्हणालं की आधी विचारायचं, कुठलं जमैका? ओचो रिओसचा अनुभव फाल्मथला लावू नका आणि सेंट एलिझाबेथमधल्या ब्लॅक रिव्हर गावाचे फोटो बघून फाल्मथवर काट मारू नका.

क्रूझ कंपनीच्या पत्रात "बंदर पूर्ववत" असं लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण त्याचा अर्थ फार मर्यादित आहे. बंदर उघडायला काय लागतं? जहाजाच्या वाटेत गाळ किंवा मोडतोड साचली नाही ना हे बघायला खोली मोजायची, जागचे हललेले बोये (जहाजाला वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) आणि दिवे परत बसवायचे, जहाज घासू नये म्हणून धक्क्यावर लावलेले रबरी फेंडर आणि दोर बांधायचे खुंट तपासायचे, फाटकाजवळ जनरेटर लावायचा. काँक्रीटचा धक्का वाऱ्याने सहसा मोडत नाही, म्हणून हे काम दिवसांत होतं. गावाला मात्र खांब, ट्रान्सफॉर्मर, छपरं आणि पाण्याचे पंप लागतात, आणि त्याला महिने जातात. मेलिसात पाच लाखांहून जास्त वीजग्राहक अंधारात गेले होते, तरी नोव्हेंबरातच क्रूझ जहाजं जमैकाला परत येऊ लागली.

हे नेहमीचंच चित्र आहे. सेंट थॉमस या कॅरिबियन बेटावर ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळ आलं, दोन आठवड्यांनी मारिया, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं क्रूझ जहाज लागलं. तिथलं फ्रेंचमन्स रीफ हे मोठं हॉटेल मात्र २०२३ मध्ये उघडलं. भूकंपात उलटं होतं, कारण तिथे धक्क्याचे पायच हलतात. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या लिटल्टन बंदराऐवजी क्रूझ जहाजं जवळपास दशकभर अकारोआला जात राहिली. म्हणून वादळ होऊन किती महिने झाले एवढ्यावरून अंदाज बांधू नका. वीज, पाणी आणि रस्ता या तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा.

विचारायचं कुणाला? सर्वांत ताजी खबर जहाजावरच मिळते. सात रात्रींच्या फेऱ्या त्याच त्या बंदरांना पुन्हापुन्हा जातात, त्यामुळे मागच्या फेरीत काय उघडं होतं हे कर्मचाऱ्यांना ठाऊक असतं. गोव्याची, मुंबईची माणसं बहुतेक जहाजांवर भेटतातच; पहिल्याच संध्याकाळी आपुलकीने चौकशी करा. सहलीच्या काउंटरवर "चालू आहे का?" असं विचारू नका, कारण उत्तर "हो"च येणार. "मागच्या आठवड्यात ही सहल प्रत्यक्षात गेली का, आणि किती वाजता परतली?" असं विचारा.

आता प्रत्यक्ष दिवस. फाल्मथला जहाज थेट धक्क्याला लागतं, छोट्या होडीतून उतरावं लागत नाही, त्यामुळे आई-बाबांना सोपं. धक्क्याला लागून पर्यटकांसाठी बांधलेलं दुकानांचं आवार आहे. अनेक लोक तिथून थेट बसमध्ये बसून लांब निघून जातात आणि गावाला त्यांचं तोंडही दिसत नाही. २०११ मध्ये हे बंदर सुरू झालं तेव्हापासूनची गावकऱ्यांची ही तक्रार आहे आणि ती रास्त आहे. फाटकाबाहेर पडलात की पाच-दहा मिनिटांत वॉटर स्क्वेअर. न्यूयॉर्कच्या आधी, १७९९ मध्ये, या गावात नळाने पाणी आलं होतं, त्याची ही जागा. जॉर्जियन काळातली घरं, न्यायालयाची इमारत, हॅम्पडेन व्हार्फवरचे कारागीर हे सगळं चालत बघता येतं. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ बरी. वादळाने झाडं झोडपून काढली आहेत, सावली कमी झालीय, तेव्हा टोपी आणि पाणी सोबत हवंच. रहदारी आपल्यासारखी डाव्या बाजूने चालते. अमेरिकेत वाढलेली मुलं रस्ता ओलांडताना सवयीने चुकीकडे बघतात, हात धरा.

गावाबाहेर एकच गोष्ट करायची तर मार्था ब्रे नदीतला तराफा. बंदरापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. बांबूचा साधारण नऊ मीटर लांब तराफा, त्यावर दोन मोठ्या माणसांपुरती बैठक आणि पुढे उभा राहून बांबूने रेटणारा नावाडी. पाचेक किलोमीटर प्रवाहाबरोबर जायला तास-सव्वा तास लागतो. जाऊन-येऊन तीन तास धरा. आई-बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर अडचण चढण्या-उतरण्याची असते, कारण बैठक पाण्यालगत बुटकी असते. नावाड्याला आधीच सांगा, तो तराफा काठाला घट्ट धरून ठेवतो. तिथे पोचल्यावर तिकीट काढण्याआधी नदीकडे बघा. पाणी हिरवट आणि संथ असेल तर जा. चहाच्या रंगाचं असेल, फांद्या वाहत येत असतील तर परत फिरा, मग काउंटरवर काहीही सांगोत. ही नदी कॉकपिट कंट्रीच्या डोंगराळ भागातून येते. वादळात उघड्या पडलेल्या उतारांवरची माती पावसाच्या एका सरीने खाली येते, आणि गढूळ पाण्यात बुडालेलं खोड दिसत नाही. मुलांना लाइफ जॅकेट मागून घ्या. टिप नावाड्याच्या हातातच द्या.

चकाकणाऱ्या पाण्याचं लुमिनस लगून फाल्मथजवळच आहे आणि सगळे त्याबद्दल विचारतात. ते अंधारातच दिसतं. तुमचं जहाज संध्याकाळी पाचला सुटत असेल तर तो विषय सोडा.

डन्स रिव्हर धबधबा ओचो रिओसजवळ आहे, म्हणजे एका बाजूने तासाहून जास्त. वायएस धबधबा आणि ब्लॅक रिव्हरची सफर थेट दक्षिणेला, सर्वांत जास्त मार बसलेल्या भागात. फाल्मथहून या दोन्ही दक्षिणेकडच्या सहली मी कुणालाच सुचवणार नाही. वाहून गेलेल्या रस्त्याची एकच बाजू चालू असते, सिग्नल बंद असतात, मधेच खांब उभारायचं काम चालू असतं. गाडी दीड तासात जाते आणि यायला अडीच तास लागतात.

इथे एक नियम पाळा. जहाज कंपनीमार्फत घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी कुणी थांबत नाही. तेव्हा गावात स्वतः फिरा, गावाबाहेर जहाजाची सहल घ्या. तरीही टॅक्सी केलीत तर लाल नंबरप्लेटची करा, भाडं माणशी की गाडीचं आणि डॉलर अमेरिकी की जमैकन हे बसण्याआधी ठरवा, आणि शेवटच्या वेळेआधी दोन तास फाटकावर या. घड्याळाचंही बघा: जमैकाचं घड्याळ वर्षभर तेच राहतं. मार्च ते नोव्हेंबर मायामी एक तास पुढे असतं, हिवाळ्यात दोन्ही सारखी. परतायची वेळ "जहाजाच्या घड्याळाने" असते. मोबाइल स्थानिक वेळ पकडून फसवतो.

पैशाचं सांगायचं तर एक, पाच आणि दहाच्या अमेरिकी नोटा, मिळून शंभर-दीडशे डॉलर. वीज किंवा नेटवर्क गेलं की कार्ड चालत नाही, एटीएम बंद पडतं, आणि पन्नासची नोट मोडायला फेरीवाल्याकडे सुट्टे नसतात. फाटकेतुटके डॉलर घेत नाहीत. भाज्या-फळं महाग वाटली तर घासाघीस करू नका. सेंट एलिझाबेथ हे त्या देशाचं भाजीपाल्याचं कोठार आणि तेच उद्ध्वस्त झालं. भाजी काही महिन्यांत परत येते, पण नारळ आणि ब्रेडफ्रूटची (विलायती फणसाची) झाडं आडवी झाली की वर्षं जातात. २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरूडच्या सुपारीच्या वाड्यांचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

शाकाहारी असाल तर "आयटल" जेवण मागा. रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाच्या लोकांचं हे मांसाशिवायचं जेवण: कलालू (एक पालेभाजी), डाळी-कडधान्यं, केळी, भोपळा, नारळाचं दूध. मीठ कमी असतं. कलालूत किंवा अकीत (भाजी करून खातात ते फळ) खारवलेला मासा घालायची पद्धत आहे, म्हणून "सॉल्टफिश नको" हे वेगळं बजावून सांगा. गरम, समोर वाढलेलं खा. बर्फ आणि कापलेली फळं टाळा. पिण्याचं पाणी जहाजावरून सीलबंद न्या. पाण्याचे पंप विजेवर चालतात आणि वीज खंडित झाली की नळाला दाब राहत नाही, बाहेरची घाण आत ओढली जाते.

तब्येतीच्या बाबतीत लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात. खरा धोका पायाखाली असतो. छपराचा पत्रा उडतो तेव्हा खिळा वाशातून उपटून निघतो आणि वाळूत किंवा गवतात टोक वर करून पडतो. रबरी चपलेचा तळ तो सहज भेदतो. सगळ्यांना जाड तळाचे बंद बूट, किनाऱ्यावरसुद्धा. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आत झालेलं हवं. जखम खोल आणि मळकी असेल तर पाच वर्षांची मर्यादा धरतात. आई-बाबांचं बहुधा कधी झालं हे आठवणारही नाही, निघण्याआधी घेऊन टाका.

दुसरा धोका लेप्टो. मुंबईत आणि सिंधुदुर्गात दर पावसाळ्यात ऐकतो तोच. मेलिसानंतर जमैकात त्याची साथ जाहीर झाली होती. उंदरांच्या मुतातले जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात राहतात आणि पायाच्या बारीकशा चिरेतून आत शिरतात. डबक्यातून चालू नका, नदीत पोहू नका. लक्षणं दोन दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात: अचानक ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, लाल डोळे. अमेरिकेतल्या डॉक्टरच्या डोक्यात हा आजार पटकन येत नाही, म्हणून महिन्याभरात ताप आलाच तर "पूर आलेल्या भागात जाऊन आलोय" हे आपणहून सांगा. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि छपरावरच्या ताडपत्रीच्या खोलगट्यात, पिंपात वाढतो. पूर्ण बाह्या आणि डीईटचा मलम पुरे.

कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर जमैकाला आगाऊ व्हिसा लागत नाही, गाठ पडते अमेरिकेत परतताना. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा) असाल तर पासपोर्टवर मुदतीतला व्हिसाचा शिक्का हवाच. मुदत संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत त्यांना फक्त कॅनडा-मेक्सिकोपुरती आहे. एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना ती जमैकासारख्या शेजारच्या बेटांनाही लागू होते, तीस दिवसांच्या आत. आई-बाबांचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, तेही बघा. त्यांचा आरोग्य विमा अनेकदा अमेरिकेपुरताच असतो, म्हणून पॉलिसीत जमैका आणि जहाज दोन्ही येतात का हे लेखी विचारा. फाल्मथचं रुग्णालय वादळात सापडलं होतं, तेव्हा रोजच्या औषधांचा त्या दिवसाचा डबा खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. जहाजाच्या दैनिक पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन छापलेला असतो; त्याचा आणि व्हिसाच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये हवा, आणि नंबर कागदावरही लिहून ठेवा.

ऐनवेळी बंदर बदललं तर त्या बंदराचा कर परत मिळतो, जहाजाच्या सहलीचे पैसे मिळतात, भाड्यात सूट मिळत नाही. करारातच तसं असतं. तुम्ही बाहेर ठरवलेल्या गाडीची आगाऊ रक्कम गेली समजा, म्हणून आगाऊ देऊ नका. आणि जून ते नोव्हेंबरात जाणार असाल तर विमा वेळेत घ्या: एकदा वादळाला नाव मिळालं की त्यानंतर घेतलेला विमा त्या वादळाची भरपाई देत नाही.

पडक्या घरांचे फोटो काढू नका. आत माणसं राहत असतात. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

जुन्या कपड्यांचं: नका नेऊ. वापरलेले कपडे निवडायला, धुवायला, ठेवायला माणसं आणि जागा लागते आणि नेमकी तीच तिथे अपुरी असते. मदत करायची असेल तर जमैका सरकारच्या "सपोर्ट जमैका" या अधिकृत संकेतस्थळावरून पैसे पाठवा. पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून जाऊ नका. वादळानंतर नकली संकेतस्थळं निघतातच. आणि जी दुपारची जेवणं जहाजावर फुकट मिळाली असती, ती त्या दिवशी गावातल्या खानावळीत विकत घ्या. सगळ्यांचं जेवण, नावाड्याची टिप आणि हॅम्पडेन व्हार्फवरची एखादी लाकडी वस्तू, एवढे पैसे मधल्या कुणाच्या हाताला न लागता थेट फाल्मथकरांकडे जातात.