आधी महेश्वर, इगतपुरी नंतर

थकलास म्हणून थेट इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यनेचा अर्ज भरू नकोस. तिथे फोन सुरुवातीलाच जमा होतो, पहाटे 4 ला घंटा वाजते, दिवसाचं साधारण दहा तास ध्यान, आणि दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन. संध्याकाळी नव्या साधकाला चहा-फळं मिळतात, जेवण नाही. फी नसते, जुन्या साधकांच्या दानावर सगळं चालतं. जाणं-येणं धरून बारा दिवसांची रजा लागते. ‘मध्ये एक कॉल घेतो’ म्हणायची सोय नाही! नैराश्याची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचार आणि अर्जात स्पष्ट लिही. ते लपवून जाणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

इंदूरच्या विजयनगरमधल्या ऑफिसात रात्रीपर्यंत अडकणाऱ्यानं महेश्वरपासून सुरुवात करावी. तिथून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. शनिवार-रविवार टाळ, मधल्या वारी जा. लॅपटॉप घरी ठेव. सकाळी नर्मदेच्या घाटावर चाल, दुपारी खुशाल झोप. पहिला दिवस बहुधा चिडचिडीतच जातो, म्हणून दोन रात्री तरी राहा. मात्र निघण्याआधी तुझं काम कोण बघणार ते साहेबांना लेखी कळव, नाहीतर किल्ल्याच्या पायऱ्यांवर बसून मेलच वाचशील.

मसाजच्या महागड्या पॅकेजांवर माझा फारसा विश्वास नाही.

परतल्यावरही दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर पुढची सहल ठरवत बसू नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर बोल किंवा सरळ मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घे.